फटफटीचा पोळा

"कान हालला तं हारला," सेवालाल म्हणाला आणि त्यानं विडीचं थोटूक पाराच्या दगडावर चुरडलं. "बैल बुजाले कानापासून लागते. पाय लय उशिरा उधळते. म्हनून पायाकडं पाहू नोका, कानाकडं पाहा."

इंझोरीच्या मारुतीसमोरच्या पारावर चौघं जण बसले होते. तांड्यावरचा सेवालाल त्यातला बैलांचा जाणकार; चार पिढ्या त्याच्या घरात बैलांचीच खरेदी-विक्री. दुसरे गावचे रामराव पाटील. तिसरा जानराव, साठ एकर काळ्या जमिनीचा धनी आणि ते दिवसातून एकदा तरी सांगणारा. चौथा उकंडराव. त्याला ना जमीन, ना बैल. कारंज्याच्या कापसाच्या जिनात तो फिटर होता, आणि त्याच्याकडे एक फटफटी होती. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या सालची ही गोष्ट. साऱ्या पंचक्रोशीत फटफटी म्हटलं की ती एकच.

भांडणही तिच्यावरूनच पेटलं होतं.

"तुह्या फटफटीपायी माही गाय दूध चोरून राह्यली," अशी जानरावानं सुरुवात केली होती.

"गाय तुह्या घरची," उकंडराव म्हणाला होता. "चोरी कुठं शिकली थे मले काहून इचारतं?"

पाटलांनी हसू मिशीत दाबलं. जानरावाला ते दिसलं. मग त्यानं हात घातला तो थेट वर्माला.

"हे पाह्य उकंडा. पोया आला दोन महिन्यावर. ज्याच्या दारात बैल नाई त्यानं तोरनापाशी उभं राहून नुसतं पाहाव. तू वीस वर्सापासून पाहूनच राह्यला. मंग एवढा तोरा कायले?"

उकंडराव म्हणजे जिभेवर उत्तर तयार ठेवून हिंडणारा माणूस. जिनाच्या मॅनेजरच्या खुर्चीखाली टांग्याचा भोंगा बसवून ठेवणारा, आणि मॅनेजर दचकून उठला की "काय झालं साहेब?" म्हणून सगळ्यांच्या आधी धावणारा. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं त्याला उकिरड्यावर लोळवलं आणि तसंच नाव ठेवलं. त्याची थट्टा जग करील त्याआधी तो स्वतःच करून मोकळा होई. पण आता त्यानं जानरावाच्या डोळ्याला डोळा दिला.

"माह्या दारात बैल हाय," मग म्हणाला. "लोखंडाचा हाय, एवढंच."

"मंग आन ना त्याले तोरनाखाली."

"आनतो."

"आनतो म्हने," पाटील मध्ये पडले. "साठ जोड्या उभ्या रायतीन तथी. एक बुजला की सारे बुजतीन, अन् दोन-चार जनाचे पाय मोडतीन."

ते खरं होतं. त्यातूनच पैज निघाली. पोळ्याच्या आदल्या सकाळी नाल्यावर बैल धुतात, तेव्हा उकंडरावानं चालू फटफटी जानरावाच्या जोडीसमोरून न्यायची. जोडी देखणी, पण गावातली सगळ्यात भित्री. तांब्या एक वेळ दम धरी. पाखऱ्या तर कुणी छत्री उघडली तरी उधळायचा. त्याचा कान हालला नाही, तर फटफटीला पोळ्याच्या रांगेत मानानं जागा. आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळून जेवायचं आवतण देतात, ती खांदशेकणी जानरावानं फटफटीची करायची, स्वतःच्या हातानं.

"अन् हालला तं?" पाटलांनी विचारलं.

"तं हाच बैल," जानराव मांडी थोपटत म्हणाला. "आंगावर झूल, गयात घुंगरमाय, खांद्यावर जू. अन् थे धूड तोरनाखालून यानं वढाचं. साऱ्या गावासमोर."

"कबूल," उकंडराव म्हणाला. इतक्या पटकन, की सेवालालनं वळून त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

ती त्याच्याकडे आली तेव्हा फटफटी नव्हतीच, चिखलाचा गोळा होता. कापूस खरेदीला आलेला एक गोरा साहेब तिच्यासकट अडाण नदीच्या पुरात पडला. साहेब काठाला लागला, फटफटी तळाला. "काढील त्याची," असं दुभाष्याकरवी सांगून साहेब टांग्यात बसून गेला. तीन बैलजोड्या लावूनही ती हलली नाही. त्यातली एक जोडी जानरावाची होती, हे उकंडराव आजवर विसरला नव्हता आणि त्यानं कुणाला विसरूही दिलं नव्हतं. पूर ओसरल्यावर त्यानं जिनातली चेनकप्पी आणून बाभळीच्या बुंध्याला बांधली आणि एकट्यानं ती वर घेतली. त्याला अकरा वर्षं झाली.

अमेरिकेतली होती. दोन सिलिंडर, रेड्याएवढं वजन. तेव्हापासून तो तिला घडवतच होता. ज्या साली जे हाती लागलं त्यानं. साहेब ताडमाड आणि उकंडराव बुटका, म्हणून पहिल्या वर्षी त्यानं बैठक वीतभर खाली आणली आणि खाली मोडक्या टांग्याच्या कमानी बसवल्या. मग वखराची जुनी लोखंडी पास कापून पाय ठेवायला दोन रुंद पट्ट्या केल्या, की माणूस ओट्यावर बसल्यासारखा पाय पसरून बसावा. एका साली जिनातला पट्टा तुटून त्याच्या डाव्या खांद्यावर बसला. हात पुढे जाईना. उकंडरावानं खांद्याची कुरकुर केली नाही. मुठीच मागे आणल्या. बॉयलरचा जुना पाइप भट्टीत लाल करून असा वाकवला की तो वर गेला, ऐटीत मागे वळला आणि मुठी सरळ त्याच्या पोटाशी आल्या. गाव म्हणालं, फटफटीला शिंगं फुटली. तो म्हणाला, "खिल्लारी हाय."

मागची बैठक रुख्मिणीसाठी केली, पण ती बसेना. "पडीन," म्हणायची. पाठीला टेकू पाहिजे होता. घरात माळ्यावर एक पाळणा होता, लग्नानंतर तिसऱ्या वर्षी करून घेतलेला. त्याला एकदाही झोका मिळाला नव्हता. रुख्मिणीनंच तो एके दिवशी खाली काढला.

"सागाचा हाय," एवढंच म्हणाली.

त्याच्या कठड्याचा टेकू झाला. उरलेल्या फळ्यांची बाजूला लटकवायची पेटी झाली. त्या टेकूला पाठ लावून ती पोहरादेवीच्या जत्रेला गेली, तेव्हा वाटेत बायका गाड्या थांबवून पाहत होत्या. रुख्मिणी कुणाकडेच पाहत नव्हती.

असं एकेक करता करता साहेबाचं म्हणावं असं फटफटीत इंजिन तेवढं राहिलं. बाकी सगळी इंझोरीची.

पैजेचं ऐकून रुख्मिणीनं तव्यावरची भाकर उलटली आणि थोडा विचार केला.

"म्हंजे जितले तरी फटफटी तोरनाखालून जाईन, अन् हारले तरी जाईन?"

"हो ना," उकंडराव म्हणाला. "हे जानरावच्या ध्यानात नाई आलं अजून."

तो मनसोक्त हसला. ती हसली नाही.

"मले हारून नाई पायजे. वीस वर्सं पाटावर मातीचे बैल ठेवून पुजून राह्यली मी. शेजारी बैलाचे पाय धुतात थे ऐकू येते, घुंगरं ऐकू येतात, अन् मी मातीच्या तोंडाले पुरनाची पोयी लावून राह्यली. आपल्याबी दारात एकदा कोनी येऊन उभं राहाव. लोकाच्या हासन्यात नाई. मानानं."

उकंडरावानं हसू आवरलं. त्यानं भाकर खाल्ली आणि पान्हे काढले.

पावसाळ्यात जिन बंद. फिटरला हातात वेळ असतो. पहिले पंधरा दिवस त्यानं आवाज मारण्यात घातले. धूर जायची नळी बैलाच्या शेपटासारखी लांब केली, आत लोखंडाचा कीस ठासला. फटफट जाऊन फुसफुस राहिली. तरी जवळून गेलं की पाखऱ्या दावं तुटेस्तोवर ताणायचा. उकंडराव डोकं खाजवत बसला. मग त्याच्या ध्यानात आलं की हाच पाखऱ्या आकाशातल्या गडगडाटाखाली निवांत रवंथ करत असतो. बैल आवाजाला भीत नाही, अनोळखी आवाजाला भितो. यंत्र सुधारून भागत नसेल, तर बैल सुधारावा.

जानरावाचा गोठा त्याच्या परसाला लागूनच होता. मध्ये काट्यांचं कुंपण. रोज संध्याकाळी जानराव पारावर जाऊन बसला की उकंडराव फटफटी कुंपणाला लावायचा, इंजिन चालूच ठेवायचा, आणि सागाच्या त्या पेटीतून जिनातली झाडलेली सरकी, गूळ चोळलेली, दोन मुठी पलीकडे धरायचा. पहिल्या दिवशी पाखऱ्या गोठ्याच्या पार त्या टोकाला. आठव्या दिवशी मध्यावर. विसाव्या दिवशी त्याचं ओलं नाक पेटीत होतं.

"यंदा माह्या जोडीवर तेज पाह्य," जानराव पारावर सांगू लागला. "संध्याकाय झाली की पाखऱ्या कुंपनावरून मान काढून माही वाट पाहते."

"मुकं जनावर," उकंडराव म्हणायचा. "माया लागते."

पोळ्याच्या आदल्या सकाळी नाल्यावर बैलांपेक्षा माणसंच जास्त झाली. पाखऱ्या आणि तांब्या धुऊन-पुसून उभे होते. जानरावानं दोन्ही दावी मुठीत धरली होती. सेवालाल पाखऱ्याच्या कानापासून हातभर अंतरावर, हात पाठीमागे बांधून, श्वास रोखून. बायका वरच्या दरडीवर उभ्या, त्यात रुख्मिणी.

वळणावरून फुसफुस ऐकू आली. मग दोन लांब शिंगं दिसली, मग त्यांच्या मागे फेटा बांधलेला उकंडराव, पाय पसरून ओट्यावर बसल्यासारखा. वीस पावलं राहिली, दहा राहिली. तांब्या रवंथ करत होता. पाखऱ्या दगडाचा. जानरावाच्या कपाळावर घाम आला. पाच पावलं. फटफटी बरोबर समोर आली, पुढे सरकली, आता गेलीच म्हणता म्हणता पाखऱ्याचा उजवा कान हालला.

आधी हळूच पुढे वळला, मग टवकारला. त्याच्या मागे मान वळली आणि मानेमागे पाय निघाले. पण बैल फटफटीपासून पळाला नाही. तो फटफटीमागे निघाला. जानरावाच्या मुठीतलं दावं सरकलं, जानराव चार पावलं घसटत गेला आणि पाण्यात बसला. पाखऱ्यानं फटफटीला गाठलं, नाकानं पेटीचं झाकण उडवलं आणि तोंड आत घातलं.

उकंडरावानं इंजिन बंद केलं. एवढ्या माणसांत फक्त बैलाच्या चावण्याचा आवाज राहिला.

सेवालाल शांतपणे चालत आला. पेटीतून चार दाणे काढले, हुंगले.

"गूळ लावत होता काय बे?"

"थोडासा," उकंडराव म्हणाला.

मग नाल्यावर जे हसू फुटलं ते आवरेना. जानराव पाण्यातच बसून बोट दाखवत होता. "दीड महिना माह्या बैलाले हा चारून राह्यला? अन् मी म्हनो, माही वाट पाहते." आणि तोही हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"मंग निकाल काय?" पाटलांनी विचारलं.

सेवालालनं हनुवटी खाजवली. "भेलेल्या बैलाचा कान मागं जाते. याचा पुढं आला. भेवानं नाई हालला, भुकेनं हालला. पन हालला तं हालला."

"जाऊ द्या," जानराव धोतर पिळत म्हणाला. "एवढा कोनी हासवला नाई मले. बरोबरी झाली म्हनू. ना त्याची जित, ना माही."

लोकांनी माना डोलावल्या. उकंडरावानं नाही डोलावली. बरोबरी म्हणजे जू नाही, झूल नाही आणि तोरणही नाही. उद्याही फटफटी परसात उभी राहणार, आणि पाटावर मातीचे बैल. त्यानं दरडीवर पाहिलं. रुख्मिणी त्याच्याकडेच पाहत होती. 

"कान हालला," तो म्हणाला. "मी हारलो. उद्या येतो."

घरी येताच रुख्मिणीनं दार-अंगण सारवायला घेतलं. संध्याकाळी घरोघर खांदशेकणी सुरू झाली, शेजारच्या गोठ्यातून हळदीचा वास आला, तेव्हा ती वाटीत हळद-लोणी आणि हातात पळसाचं पान घेऊन परसात आली. आधी फटफटीजवळ गेली. शिंगं जिथून फुटतात त्या वळणावर पानानं हळद-लोणी चोळलं, सावकाश, दोन्हीकडे.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," ती फटफटीला म्हणाली.

मग उकंडरावाला पाटावर बसवून तिनं त्याचा सदरा बाजूला सारला आणि डाव्या खांद्याला, त्या पट्ट्याच्या जुन्या वळावर, तेच लोणी चोळायला लागली.

"राग नाई आला तुले?"

"आला हाय," ती म्हणाली. "पन पुरनाची डाय भिजू घातली हाय." आणि खांदा चोळून झाल्यावर, थोडं थांबून, "आज आवतन घ्या. उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी दुपार कलली आणि गावकुसाजवळ आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली साठ जोड्या रांगेला लागल्या. रांगेच्या शेवटी एकसष्टावी जोडी होती. मागे फटफटी, शिंगांना बेगड, अंगावर रुख्मिणीच्या लग्नातलं हिरवं लुगडं. पुढे उकंडराव. पाठीवर पाखऱ्याची जुनी झूल, गळ्यात घुंगरमाळ, खांद्यावर जू, जुवाला दोर. बैल हाकायला धनी लागतो आणि फटफटी सरळ धरायलाही कुणी लागतं, म्हणून शिंगांशी जानराव. स्वतःची जोडी त्यानं गड्याच्या हाती दिली होती.

हसून हसून लोकांची पोटं दुखत होती. झडत्या, म्हणजे पोळ्याची टोमण्यांची कवनं, सुरू झाल्या. जानरावानं कानावर हात ठेवला आणि आवाज लावला:

"जिनातला फिटर, त्याच्या घरी नाई गोठा,
लोखंडाच्या बैलाचा त्याले आला ताठा,
शिंगं त्याचे पाइपाचे, पोटात त्याच्या धूर,
धनीच लागला जुवाले, बैल राह्यला दूर."

"हर बोला हर हर महादेव," गाव गरजलं.

उकंडरावानं मान वर केली. "बैलाले झडतीचा हक नाई," कुणीतरी ओरडलं. "म्हनू द्या त्याले," पाटील म्हणाले.

"वावर नाई, गोठा नाई, नाई धुऱ्याचा गोटा,
हातानं घडवला बैल, त्यात नाई तोटा,
तुमचा बैल ढेप खाते, माहा पेट्रोल पेते,
अन् तुमचाच बैल, लेकहो, माह्या मांगं येते."

आता हसू जानरावाकडे वळलं, आणि महादेवाचा गजर पहिल्यापेक्षा मोठा झाला. तेवढ्यात तोरण तुटलं, पोळा फुटला. पाटलाची मानाची जोडी पुढे झाली, तिच्यामागे एकेक जोडी सुटली. शेवटी उकंडरावानं पाय रोवले आणि जोर लावला.

रेड्याएवढं वजन. मारुतीपर्यंत चढ. डाव्या खांद्यात पहिल्या दहा पावलांतच आग उठली. "उजव्या खांद्यावर घे ना लेका," जानराव मागून हळूच म्हणाला. उकंडरावानं मान हलवली. बैल जुवाची बाजू बदलत नाही. तुटल्या तोरणातलं एक आंब्याचं पान गळून फटफटीच्या बैठकीवर पडलं. जानरावानं ते तसंच राहू दिलं. घुंगरं वाजत राहिली. मारुतीला वळसा घालून तो आपल्या गल्लीत शिरला, तेव्हा उरलेली गंमत पाहायला अर्धं गाव मागे होतं.

दारात सडा होता, रांगोळी होती. पाटावर या वर्षी मातीचे बैल नव्हते. रुख्मिणी नवं लुगडं नेसून, ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. "वहिनी, कडबा टाका दोन पेंढ्या," कुणी म्हणालं. तिनं ऐकलं नाही. खाली उतरली. कोमट पाण्यानं फटफटीचं पुढचं चाक धुतलं, मग मागचं. शिंगांना हळदकुंकू लावलं, ओवाळलं, आणि पुरणाची पोळी सागाच्या पेटीवर ठेवली. सगळं रीतसर, घाई न करता, जसं शेजारच्या दारात वीस वर्षं होत आलं तसं.

हसणाऱ्यांतले काही हसायचे थांबले.

मग ती उकंडरावासमोर बसली. धुळीनं भरलेल्या त्याच्या पायांवर तिनं पाणी ओतलं, आधी उजव्या, मग डाव्या. उठून कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं. पोळीचा घास त्याच्या तोंडाशी धरला. त्यानं खाल्ला.

"मंग वहिनी," जानराव शिंगं न सोडता म्हणाला, "मी हाकत आनला ना याले. गड्याचा बोजारा?"

पोळ्याला बैल हाकणाऱ्या गड्याला देतात तो मान म्हणून तिनं पदर सावरून त्याच्या ओंजळीत दोन पोळ्या ठेवल्या. त्यानं त्या कपाळाला लावल्या.

आता उकंडराव काहीतरी बोलेल म्हणून सगळे थांबले होते. जिभेवर उत्तर ठेवून हिंडणारा माणूस. तो झुलीखाली ताठ उभा होता, खांद्यावर जू तसंच. एक घुंगरू वाजलं नाही. सेवालाल गर्दीच्या पुढे, सवयीप्रमाणे, पायांकडे न पाहता त्याच्या कानाकडे पाहत होता.

कान हालला नाही.